परदेशी पाहुण्याला फ्लेमिंगो दाखवायचे आहेत? ऐरोली ते नेरूळ, एका दिवसाची आखणी

शिकण्यासाठी आलेला परदेशी विद्यार्थी ठाण्यातल्या एखाद्या घरी वर्षभर राहायला आला की पहिल्या महिन्यात तलावपाळी होते, मिसळ होते, उपवन होतं. मग तो विचारतो, "इथले रानटी प्राणी-पक्षी कुठे बघायचे?" बहुतेक घरांत या प्रश्नाला राणीच्या बागेचं उत्तर मिळतं. खरं तर पिंजऱ्याबाहेरचे हजारो पक्षी ट्रेनने जेमतेम वीस मिनिटांवर असतात. ऐरोली आणि वाशी या दोन पुलांमधल्या खाडीच्या पट्ट्याला २०१५ साली ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित केलं गेलं. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर. मालवणनंतरचं हे राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. २०२२ मध्ये ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसरचा दर्जाही मिळाला.

इथला दिवस मात्र घड्याळावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतो. ज्यांची सहल फसते त्यांची बहुतेक वेळा इथेच फसते. म्हणून आधी पाण्याचं गणित, बाकीचं नंतर.

महिना आणि तिथी

फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात येऊ लागतात आणि मे अखेर, कधी जूनच्या तोंडापर्यंत राहतात. त्यांची वीण कच्छच्या रणात होते, आपल्याकडे ते चरायला येतात. बरेच विद्यार्थी जुलै-ऑगस्टमध्ये भारतात येतात आणि आल्या आल्या फ्लेमिंगोंबद्दल विचारतात. त्यांना सरळ डिसेंबरनंतरची तारीख सांगा. जानेवारी ते मार्च हा काळ उत्तम: पक्षी भरपूर, हवा सुसह्य. एप्रिल-मेमध्ये थवे असतात, पण थंड देशातून आलेल्या मुलाला उघड्या बोटीत तासभर बसवणं जिवावर येतं.

आता दिवस. कोकणातल्या आणि खाडीकाठच्या लोकांचा जुना हिशोब असा आहे की तिथीच्या आकड्याला तीनने गुणून चारने भागलं की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा आणि अमावास्येला बाराच्या सुमारास. दिवसाची एक आणि रात्रीची एक, अशा दोन भरत्या. दोन्हींमध्ये साडेबारा तासांच्या आसपास अंतर. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो म्हणून हा हिशोब जुळतो. ऐरोली खाडीच्या पोटात आहे, तिथे पाणी चढायला मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, हेही धरून चाला. कालनिर्णय बघून तिथीवरून तारीख निवडायची आणि भरतीच्या तक्त्यावरून ती पक्की करायची.

पक्ष्यांच्या दृष्टीने याचा अर्थ असा. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो त्यात चरत असतात, पण तेव्हा बोटीपुरतं पाणी नसतं. ऐन भरतीला बोट कुठेही जाते, पण चिखल पाण्याखाली गेलेला असतो आणि पक्षी उठून नेरूळ-सीवूड्सच्या तलावांवर विसाव्याला गेलेले असतात. म्हणजे आपल्याला हवी ती वेळ मधली: पाणी चढतंय पण चिखलाच्या कडा अजून उघड्या आहेत. पाणी जसं चढतं तसे पक्षी कडेकडेने गोळा होतात आणि बोटीतून जवळ दिसतात.

आमची शिफारस अशी की पौर्णिमा किंवा अमावास्येपासून द्वितीयेपर्यंतचा दिवस धरा. या दिवसांत उधाणाची भरती असते, पाणी मोठं चढतं, आणि दुपारी बारा ते दीड-दोनच्या दरम्यान पूर्ण भरती येते. सकाळी चढत्या पाण्यात ऐरोलीला बोट आणि दुपारी भरतीला नेरूळचा तलाव. एकाच दिवसात तेच पक्षी चरताना आणि विसावताना असे दोन्ही दिसतात. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी कमी चढतं, भरतीची वेळही सकाळ-संध्याकाळवर जाते. तेव्हा नेरूळचा भाग बहुधा हातचा जातो.

बुकिंग, परवानगी आणि घरातली चौकशी

ऐरोलीच्या सेक्टर १० मधलं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र वन विभागाच्या कांदळवन कक्षाशी जोडलेलं आहे आणि फ्लेमिंगो दाखवणाऱ्या बोटी तिथून सुटतात. बोटीची वेळ केंद्र भरतीप्रमाणे ठरवतं, म्हणून ती रोज वेगळी असते. सीझनमध्ये शनिवार-रविवारच्या जागा लवकर भरतात. ऑनलाइन बुकिंग करून जा, दारात उभं राहून तिकीट मिळेल या भरवशावर राहू नका. परदेशी पाहुण्याचा दर आणि ओळखपत्राचा नियम बुकिंग करतानाच बघून घ्या. पासपोर्टची मूळ प्रत घरी राहू दे, छायाप्रत आणि फोनवरचा फोटो सोबत ठेवा. केंद्राची साप्ताहिक सुट्टीही त्याच वेळी तपासा.

मूल अठराच्या आतलं असेल तर ज्या संस्थेमार्फत ते आलंय तिच्या समन्वयकाला लेखी कळवा. पाण्यावरच्या सहलींसाठी अनेक कार्यक्रमांत खऱ्या आई-वडिलांची संमती लागते. ती यायला दोन-चार दिवस जातात, त्यामुळे आदल्या रात्री विचारून भागत नाही.

आणि शेंगदाण्याचं विचारा. आपल्याकडे कूट कोशिंबिरीत, साबुदाण्याच्या खिचडीत, चटणीत, भाजीत इतकं सहज पडतं की ते "घटक" आहे हे स्वयंपाक करणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी परदेशी मुलांमध्ये बऱ्यापैकी आढळते. तशी असेल तर त्याचं इंजेक्शन त्याच्याच खिशात हवं, घरच्या फ्रिजवर नको. डब्यात पोळी-भाजीचा रोल, केळी, दशम्या असं कोरडं द्या. रस्सा आणि बोट यांचं जमत नाही. पाणी माणशी दोन लिटर, घरचं उकळलेलं किंवा फिल्टरचं, आणि ओआरएसची दोन पाकिटं.

कपडे फिक्या मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. टोपी अशी की तिला हनुवटीखाली दोरी आहे. खाडीवर वारा असतो आणि पाण्यात उडालेली टोपी परत मिळत नाही. सनस्क्रीन निघायच्या वीस मिनिटं आधी, आणि कानामागे, मानेवर, पावलांवरही. गोऱ्या कातडीची मुलं नाक-गाल माखतात आणि नेमकी मान भाजून घेतात. पायात बंद बूट.

दुर्बीण: तीन मिनिटांची तयारी घरीच

एकच दुर्बीण घेणार असाल तर ८×४२, म्हणजे आठपटीची, ४२ मिलिमीटर भिंगाची. दहापटीची दुर्बीण हलत्या बोटीत इतकी थरथरते की पक्षी धड दिसत नाही. गच्चीवरून समोरच्या इमारतीवरची पाटी बघत ती आदल्या दिवशी जुळवा. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याची प्रतिमा स्पष्ट करा. मग डावा मिटून, मधल्या चाकाला हात न लावता, उजव्या भिंगापाशी असलेली कडी फिरवा. झालं, आता दिवसभर फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्यांजवळचे रबरी कप खाली दुमडा किंवा फिरवून आत घ्या. पाहुण्याला एक सवय नक्की लावा: पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी पकडायचा आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. दुर्बीण लावून मग पक्षी शोधणारे अर्धी फेरी शोधण्यातच घालवतात.

कॅमेऱ्यासाठी ३०० मिलिमीटरची लेन्स पुरते. शटर एक हजारांश सेकंदापेक्षा हळू नको, उडत्या थव्याला दोन हजारांश. काळपट चिखलावर फिकट पक्षी असले की कॅमेरा प्रकाश जास्त घेतो आणि गुलाबी रंग पांढरा फटफटीत होतो; एक्स्पोजर उणे अर्ध्या स्टॉपवर ठेवा.

सकाळ: ठाणे ते ऐरोली

बोट साडेनऊची मिळाली असं धरू. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडा. दिघा गाव आणि मग ऐरोली. स्टेशनवरून रिक्षाला "फ्लेमिंगो सेंटर, सेक्टर दहा" सांगितलं की पुरतं. बोटीच्या किमान एक तास आधी पोचा, कारण त्या तासात दिवसातला एक फार सुंदर भाग बघून होतो: तिवरांमधली पायवाट.

इथे घाई करू नका. दहा पावलं चाला आणि दोन मिनिटं निमूट उभे राहा. तुमच्या पावलांच्या धमकाने बिळात गेलेलं जग तेवढ्या वेळात परत वर येतं. आधी इवले खेकडे दिसतील. नराचा एक पंजा अंगाच्या मानाने अवाढव्य, आणि तो मादीला खुणावत सारखा वर-खाली हलवत असतो. मग ओल्या चिखलावर काहीतरी सरपटल्यासारखं, उडी मारल्यासारखं होईल. ती निवटी. मासाच, पण डोळे डोक्याच्या टोकावर बेडकासारखे, पुढच्या परांवर रेटा देत चिखलातून चालणारा. कल्ल्यांच्या कप्प्यांत पाणी धरून आणि ओल्या कातडीतून हवा घेऊन तो पाण्याबाहेर टिकतो. दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचा पर ताठ उभारतात. खाडीकाठच्या घरांत निवट्यांचं कालवण होतं हेही पाहुण्याला सांगा. प्राणी आणि ताट यांचं नातं लपवण्यात काही अर्थ नाही.

तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी टोकं ही त्या झाडाची श्वसनमुळं. भरतीत बुडणाऱ्या चिखलात हवा नसते, म्हणून मुळंच वर येऊन श्वास घेतात. त्यांवर पाय ठेवू द्यायचा नाही. तिवराचं पान उलटंसुलटं करून उन्हात धरा: मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात, झाड जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. ते जिभेवर घेऊन बघायचा मोह सगळ्यांनाच होतो. नको, या खाडीत सांडपाणी येतं. कांदळवनांतली चिपी, म्हणजे पांढरी चिपी, २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. या झाडीत सोनेरी कोल्हेही राहतात. ते दिवसा दिसतीलच असं नाही, पण चिखलातले पावलांचे ठसे जरूर शोधा. पायवाट सोडून खाली मात्र कोणीही उतरायचं नाही. वरून घट्ट दिसणारा चिखल गुडघ्यापर्यंत गिळतो, आणि पाय ओढताना आधी बूट जातो, मग तोल.

बोटीवर

चढण्याआधी स्वच्छतागृह उरकून घ्या, बोटीत सोय नसते. लाइफ जॅकेटचे सगळे बंद लावा, अगदी घट्ट. बोट लागणाऱ्या मुलाने मधल्या भागात बसावं आणि क्षितिजाकडे बघावं; गोळी घ्यायचीच असेल तर अर्धा तास आधी. सकाळी ऊन पूर्वेकडून, म्हणजे नवी मुंबईच्या बाजूने येतं. तेव्हा पश्चिमेकडच्या, भांडुप-विक्रोळीच्या बाजूच्या पक्ष्यांवर प्रकाश छान पडतो. जागा निवडायला मिळाली तर त्या हिशोबाने बसा.

फ्लेमिंगो म्हणजे आपला रोहित किंवा अग्निपंख. इथे दोन जाती असतात. छोटा रोहित जवळजवळ तीन फुटांचा, गडद गुलाबी, चोच काळपट लाल. मोठा रोहित उंच, अंगाने बराचसा पांढरा, चोच फिकट गुलाबी आणि तिचं फक्त टोक काळं. लांबून चोचीचा रंग हीच खात्रीची खूण. थव्यात राखाडी, मळकट पक्षी दिसतील, ती आजारी नाहीत, यंदा-गेल्या वर्षीची पिल्लं आहेत. गुलाबी रंग जन्माचा नसतो, खाण्यातल्या रंगद्रव्यांतून हळूहळू चढतो. छोटा रोहित मुख्यतः सूक्ष्म नील-हरित शेवाळावर जगतो. मान खाली घालून चोच उलटी धरायची, जिभेने पंपासारखं पाणी आत-बाहेर करायचं आणि चोचीतल्या गाळणीत शेवाळ अडकवायचं, अशी ती पद्धत. दुर्बिणीतून एकाच पक्ष्यावर सलग एक मिनिट नजर ठेवा, तेव्हा हे कळतं. थवा उठला की पंखांखालचा लाल आणि काळा रंग एकदम उघडतो, बोटीतले सगळे गप्प होतात.

पाहुणा बहुधा विचारेल की इतक्या मोठ्या शहराच्या मधोमध हे पक्षी कशासाठी येतात. उत्तर अवघड असलं तरी खरं द्या. शहराच्या सांडपाण्यातून खाडीत नायट्रोजन-फॉस्फरस येतो, त्यावर शेवाळ वाढतं आणि त्यावर हे पोसतात. खाडी घाण आहे आणि जिवंतही आहे, दोन्ही एकदम.

फ्लेमिंगोंपुरतं थांबू नका. काळे-पांढरे, वर वळलेल्या चोचीचे उचाट्या, लाल काड्यांसारख्या पायांचे शेकाटे, चित्रबलाक, शराटी, तपकिरी डोक्याचे कुरव (सीगल), डोक्यावर घिरट्या घालणारी ब्राह्मणी घार. हिवाळी पाहुण्यांपैकी काही पक्षी उत्तर आशियातून आलेले असतात. रशिया किंवा युरोपातल्या मुलाला त्यांत ओळखीचं कोणी सापडलं तर त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

ऑस्ट्रेलियासारख्या देशांतल्या काही प्राणी-उद्यानांत पर्यटकांना प्राणी हाताळू देतात, चारा भरवू देतात. तिथून आलेल्या मुलाला आधीच सांगा की इथे हात लावायचा नाही, खायला घालायचं नाही. हे अभयारण्य आहे, १९७२ चा वन्यजीव कायदा लागू आहे. दुसऱ्या एखाद्या बोटीतून कोणी कुरवांना शेव-गाठी फेकताना दिसेल. तळलेलं, खारट खाणं पक्ष्यांना बाधतं आणि माणसामागे धावायची खोड लागते, एवढं कारण पुरे. फ्लेमिंगो एकदम माना ताठ करून एकाच दिशेने चालू लागले तर बोट फार जवळ गेली असं समजा आणि नम्रपणे म्हणा, "दादा, इथेच थांबवा, पुढे नको." हाच सगळ्यांत उपयोगी शब्दसमूह आहे. पाहुण्याला मात्र दुसरा शिकवा: "काका, फोटो काढू का?" होडीत जाळं सारखं करणारा कोळी बांधव हे दृश्य नव्हे, कामावर असलेला माणूस आहे.

दुपार: नेरूळचा तलाव

अकराच्या सुमारास बोट परतली की डबा खाऊन ऐरोलीहून पनवेलच्या गाडीने सीवूड्स-दारावे गाठा. तिथून रिक्षाने डीपीएस तलाव, म्हणजे दिल्ली पब्लिक स्कूलजवळचा नेरूळचा तलाव. भरती टोकाला जाण्याआधी पंधरा-वीस मिनिटं तिथे असा. खाडीकडून लहान लहान तुकड्या येऊन उतरताना बघणं हा या जागेचा खरा लाभ आहे. कडेला उभं राहा, बसलात तर आणखी बरं, पाण्याकडे चालत जाऊ नका. भटकी कुत्री फार जवळ असली की पक्षी बसत नाहीत.

या तलावाची अलीकडची हकीकत पाहुण्याला अवश्य सांगावी. भरतीचं पाणी आत येण्याचा मार्ग अडला आणि तलाव आटत गेला, २०२४ मध्ये इथे फ्लेमिंगो मेले. त्याच वर्षी २० मे रोजी घाटकोपरवर विमानाच्या धडकेने सुमारे ४० फ्लेमिंगो मृत्युमुखी पडले. नागरिकांनी तलावासाठी लावून धरलं, आणि २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यायला मान्यता दिली. जाण्याआधी तलावात पाणी आहे का ते पक्षी बघणाऱ्या एखाद्या स्थानिकाकडून कळून घ्या. पाणी नसेल तर पक्षी नसतात, मग दुपार वाया घालवू नका. बोटीनंतर केंद्रातली दालनं सावकाश बघा.

पाहुणा पावसाळ्यातच परत जाणार असेल तर

फ्लेमिंगोंचा हट्ट सोडा. पाऊस ओसरताना घोडबंदर रोडवरच्या ओवळेकर वाडीत रविवारी फुलपाखरं बघता येतात. ब्लू मॉरमॉन हे आपलं राज्य फुलपाखरू तिथे दिसू शकतं. ऊन पडल्यावर, नऊ ते अकरा ही वेळ चांगली; ढगाळ दिवशी फुलपाखरं पानांखाली बसून राहतात. येऊरला जायचं तर ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबट्यांचं घर आहे. वन विभागाच्या प्रवेशाचे नियम पाळून, दिवसाउजेडी, माहितगारासोबत.

घरी आल्यावर

पाहुण्याच्या खिशात गुलाबी पीस सापडलं तर ते ठेवू देऊ नका. फ्लेमिंगोंच्या सगळ्या जाती साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि त्यांचा अवयव देशाबाहेर नेणं विमानतळावर महागात पडू शकतं. शंख-शिंपलेही नकोत. त्याऐवजी दिवसभराची यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायला लावा: ठिकाण, वेळ, जाती, अंदाजे संख्या. हजाराचा थवा मोजायचा तर आधी दहा पक्षी मोजायचे, ते केवढी जागा व्यापतात हे डोळ्यांत भरायचं, आणि तेवढे तुकडे थव्यावर पाडत जायचे.

बूट त्याच रात्री धुवा. पाहुणा ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा असेल तर हे फार गरजेचं आहे, कारण तिथे परतताना बुटांना लागलेल्या मातीबद्दल विचारतात आणि मळके बूट तपासणीला काढून घेतात. तळव्याच्या खाचांतला चिखल वाळू द्यायचा, जुन्या टूथब्रशने कोरून काढायचा, मग साबणाच्या पाण्याने घासून गच्चीत उन्हात दोन दिवस उलटे ठेवायचे.